‘स्कार्लेट’मध्ये स्कार्लेट ओहारा खरोखर सुधारते का? आमच्या सोलापुरातील वाचकगटासाठी ही कादंबरी घ्यावी का?

होय, ती सुधारते आणि कादंबरी चर्चेसाठी अवश्य घ्यावी. मात्र हा बदल तिला सोडून गेलेल्या रेट या नवऱ्याच्या प्रेमामुळे नव्हे, तर अंगावर आलेल्या जबाबदारीमुळे घडतो, हे आधीच ध्यानात ठेवावे. मार्गारेट मिचेल यांच्या ‘गॉन विथ द विंड’ (१९३६) या कादंबरीचा अलेक्झांड्रा रिप्ली यांनी लिहिलेला हा उत्तरभाग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचल्यामुळे मी हे खात्रीने सांगतो. अमेरिकेतील चार्ल्सटन शहरात ती रेटच्या आईची मर्जी संपादन करते, ती रेटला परत मिळवण्यासाठी. म्हणजे तिथवर जुनाच स्वार्थ नव्या वेषात वावरतो. आयर्लंडमध्ये बॅलीहारा ही ओहारांची पूर्वापार जमीन विकत घेऊन ती उजाड गाव पुन्हा वसवते, तिथल्या माणसांची सुखदुःखे वाहू लागते, आणि वादळी रात्री जिवावर बेतलेल्या बाळंतपणातून जन्मलेल्या कॅट या मुलीला अपार माया लावते. आपल्या आधीच्या मुलांकडे तिने किती दुर्लक्ष केले होते, हे आठवले की हे प्रसंग फार भिडतात. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी: मिचेल यांच्या लेखणीची धार इथे नाही, आणि आठशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ मधल्या मेजवान्यांच्या व पोशाखांच्या वर्णनांत रेंगाळतो. त्यामुळे गटात वेळ कमी असल्यास आयर्लंडच्या भागावरच चर्चा ठेवावी. मूळ कादंबरी मात्र सर्वांनी आधी वाचलेली असावी.