शोधप्रबंधाला गावची वाट

दिवाळी झाली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. कडोली, येळ्ळूर, सांबरा, उचगाव, कुद्रेमनी अशा गावांतली साहित्य संमेलनं तोंडावर येतात आणि कुठल्या तरी समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, "आपल्या गावचा पोरगा पीएचडी करतोय, त्यालाच थोडा वेळ देऊया की." पोरगा घाबरतो आणि मला पत्र लिहितो. पोरगी असली तर घाबरते थोडी कमी, लिहिते मोठं. जन्मभर बेळगावात वनस्पतिशास्त्र शिकवलं, ढिगानं प्रबंध तपासले, म्हणून मलाच लिहीत असतील. या वेळी सगळी पत्रं आपलं संशोधन लोकांपुढे कसं मांडायचं, याबद्दलचीच घेतली आहेत.

बाई, माझी पीएचडी भातावरच्या करपा रोगावर चालू आहे. गावच्या संमेलनात कथाकथन आणि कविसंमेलन यांच्यामध्ये मला वीस मिनिटं दिली आहेत. समोर शेतकरी, शाळेची मुलं, महिला मंडळ. माझ्याकडे बेचाळीस स्लाइड्स तयार आहेत. गाइड म्हणतात, "सोपं करून सांग." सोपं म्हणजे किती सोपं? – स. पा., बेळगाव तालुका

स., आधी त्या स्लाइड्स घरी ठेव. भर दुपारी मंडपात प्रोजेक्टरवर भुतासारखं पांढरं काहीतरी दिसतं, आणि लाइट गेली तर तेही नाही. करपलेली चार पानं मिळाली तर पिशवीत घालून ने. संमेलनाच्या दिवसांत शेतात भात नसणार, तेव्हा प्रयोगशाळेत वहीत दाबून ठेवलेली असतील ती चालतील. पहिल्या रांगेतून हातोहात मागे जाऊ देत.

"सोपं करून सांग" हा सल्ला मला कधी पटलेला नाही. समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं करपा तुझ्या जन्माआधीपासून बघितलाय. मध्ये राखाडी, कडेला तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळता डाग. ढगाळ हवा, झिमझिम, रात्रीचा गारवा आणि वर युरियाचा हात सैल सुटला की हा आलाच. लोंबी बाहेर पडताना मानेला लागला तर अख्खी लोंबी पोचटच. यातलं काहीही तू त्याला शिकवायला जाऊ नकोस, तो शेजाऱ्याशी बोलायला लागेल. बेळगाव बासमती लावणाऱ्याला बासमतीचं कौतुकही सांगू नकोस. त्याला ठाऊक नाही ते एवढंच, की डाग दिसायच्या आधी पानावर काय घडलं. ते तुला ठाऊक आहे. वीस मिनिटांतली दहा तिथे घाल.

म्हणजे असं. करप्याच्या बुरशीचा एक बीजाणू ओल्या पानावर पडतो आणि चिकटतो. त्याला कोंब येतो, कोंबाच्या टोकाला एक इवलासा घुमट तयार होतो. घुमटाच्या भिंतीला आतून काळा थर बसतो, मेलॅनिनचा. आपल्या केसांचा काळेपणा ज्या जातीच्या रंगामुळे येतो, त्याच जातीचा. घुमटात ग्लिसरॉल साठतं, ते बाहेरचं पाणी आत ओढतं, काळा थर ग्लिसरॉलला बाहेर पडू देत नाही. आतला दाब वाढत वाढत ८ मेगापास्कलपर्यंत जातो. मेगापास्कल म्हणालीस की लोक आभाळाकडे बघतील. गाडीच्या चाकात आपण हवा भरतो, तिच्या साधारण ४० पट, असं सांग. तेवढ्या जोरानं घुमटाच्या तळातून एक सूक्ष्म खुंटी पानात घुसते. डाग दिसतो त्यानंतर काही दिवसांनी.

इथे मंडप गप्प होईल. मग लगेच ट्रायसायक्लाझोलवर ये. करप्याला दुकानात हे औषध देतात, आणि निम्म्या लोकांनी ते मारूनही करपा आला म्हणून दुकानदाराला शिव्या घातलेल्या असतात. ते बुरशीला थेट मारत नाही. ते काळा थर बनू देत नाही. थर नाही तर दाब टिकत नाही, दाब नाही तर खुंटी आत जात नाही. म्हणजे ते बीजाणू आत शिरायच्या आधी पानावर असायला हवं. डाग दिसल्यावर मारलं, तर जी बुरशी आत गेली ती गेली. एवढं ऐकल्यावर मागच्या रांगेतला कुणीतरी मांडीवर हात मारून "अगा, म्हणून!" म्हणतो की नाही बघ.

अजून एक गोष्ट, आणि मला विचारशील तर सगळ्यात महत्त्वाची. हा दाब मोजला कसा, ते सांग. लोकांना निष्कर्ष ऐकायची सवय असते. टीव्हीवर दिवसभर निष्कर्षच चालू असतात. कळलं कसं, हे त्यांना कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९१ मध्ये ही बुरशी पानावर नव्हे, प्लास्टिकच्या पातळ पटलांवर वाढवली. तिनं प्लास्टिकलाही भोक पाडलं. मग भोवतीच्या पाण्यात विरघळणारा पदार्थ वाढवत नेला आणि कुठल्या टप्प्याला घुमट चेपतो ते पाहिलं. त्यावरून आतला दाब काढला. शाळेची पोरं याच जागी कान टवकारतात. प्लास्टिकला भोक पाडणारी बुरशी म्हटल्यावर कविसंमेलन होईपर्यंत त्यांच्या डोक्यातून ती जात नाही.

तुझ्या स्वतःच्या कामाला शेवटची पाच मिनिटं दे. तू कुठल्या शेतातली पानं आणलीस, किती वाफ्यांत लावणी केलीस, काय मोजलंस, काय अजून कळलेलं नाही. न कळलेलं सांगताना आवाज खाली आणू नकोस, ते संशोधनाचंच काम आहे.

प्रश्न येणार तो एकच: "मग मारायचं कुठलं?" तिथे औषध कंपनीची एजंट होऊ नकोस. तुझ्या वाफ्यांवरून जेवढं म्हणता येतं तेवढं म्हण आणि पुढचं कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्राकडे सोपव. समोर कन्नड बोलणारेही असतील, तेव्हा करपा म्हणताना एक-दोनदा "बेंकी रोग" म्हण, माना लगेच हलतात. आणि एखादा आजोबा उठून म्हणाला, की पूर्वी अमुक भाताला करपा येतच नव्हता, तर त्याला खोडू नकोस. त्या भाताचं नाव आणि शेत वहीत टिपून घे. तुझ्या गाइडना अशी बातमी कुठल्या जर्नलात मिळणार नाही.

मी निपाणीतल्या विडी कामगार महिलांच्या मुलाखतींवर समाजशास्त्रात पीएचडी केली. प्रबंध मान्य झाला. आता त्या बायकांना जाऊन काय निघालं ते सांगावंसं वाटतं. मैत्रिणी म्हणतात, त्यांना काय त्याचं? नावं मी सगळ्यांची बदलली आहेत. – म. क., चिकोडी

मैत्रिणींना सांगा, ज्यांच्या ओसरीवर बसून तुम्ही चहा प्यायलात त्यांना त्याचं काय, हे त्याच ठरवतील. आणि निपाणी हे १९८१ चं तंबाखू आंदोलन बघितलेलं गाव आहे. तिथल्या बायकांना सभेत बसून ऐकायचं कसं आणि उठून बोलायचं कसं, हे आपण शिकवावं लागत नाही.

पण जायच्या आधी तुमचा प्रबंध एकदा त्यांच्या शेजारणीच्या नजरेनं वाचा. नाव बदललं म्हणजे माणूस लपला, असं मोठ्या शहरात होत असेल. "अमुक गल्लीतली, नवरा वारलेली, तीन मुलींची आई, पूर्वी वखारीत कामाला होती" एवढं लिहिलंत, की निपाणीत पाच मिनिटांत नाव निघतं. आणि प्रबंध आता शोधगंगेवर, म्हणजे इंटरनेटवरच्या प्रबंधांच्या भांडारात जातो, तो कुणालाही उघडता येतो, ठेकेदारालाही. त्या बाईनं छाटीबद्दल, म्हणजे नापास म्हणून काढून टाकलेल्या विड्यांच्या हिशोबाबद्दल, तुम्हाला विश्वासानं काही सांगितलं असेल, तर दुसऱ्या दिवशी तिला विड्या वळायला पत्ती मिळते की नाही, हा प्रश्न आहे. अशी जागा सापडली तर विद्यापीठाला लेखी कळवून तेवढा मजकूर बदलता येतो का, हे आधी बघा. सभा नंतर.

सभेलासुद्धा प्रबंध नेऊ नका. दोन पानं मराठीत लिहा आणि वाचून दाखवा, कारण सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. कुणाच्या तरी घरी, दुपारी, विड्या वळता वळता. काम बंद करायला लावू नका. हजार विड्यांच्या हिशोबावर ज्यांचं घर चालतं त्यांची दुपार आपल्या समाधानासाठी फुकट घालवायचा आपल्याला अधिकार नाही. सिद्धांताचं प्रकरण वगळा. कुणाला किती मजुरी हातात पडते, पासबुकात काय नोंद होते, दोन्हींत फरक कुठे पडतो, असं जे तुम्ही अनेक घरांत फिरून एकत्र मांडलंत तेच त्यांना हवं असतं, कारण प्रत्येकीला फक्त आपल्या घरचं ठाऊक असतं. चूक निघाली तर त्या तोंडावर सांगतील. त्या दुरुस्त्या लेखात घ्या.

आमच्याकडे तीन मिनिटांत प्रबंध सांगायची स्पर्धा आहे. माझं काम उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून टाकून दिलेली वाळू काँक्रीटमध्ये वापरण्यावर आहे. चार वर्षांचं काम तीन मिनिटांत म्हणजे थट्टाच नाही का? – अ. दे., बेळगाव

थट्टा वाटते खरी, पण हिची जन्मकथा ऐका. ही स्पर्धा २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात सुरू झाली. तिथे दुष्काळ होता, लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं घड्याळ लावून अंघोळ उरकत होते, त्यावरून कल्पना निघाली. ज्या गावात उन्हाळ्यात राकसकोप जलाशयाची पातळी रोज पेपरात वाचतात, तिथल्या माणसाला हे समजावं लागू नये. नियम कडक असतात: एकच स्थिर स्लाइड, हातात वस्तू नाही, आणि तीन मिनिटांच्या वर गेलात की बाद.

तेव्हा वाळूचा डबा न्यायचा मोह टाळा. स्लाइडवर एकच फोटो ठेवा, काळ्या वाळूच्या ढिगाचा. आलेख नको. ही वाळू काळी का, इथून सुरू करा: साच्याला बांधून ठेवायला बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी मिसळतात, वितळलेलं लोखंड ओततात, कास्टिंग निघालं की तीच वाळू पुन्हा साच्यात, असं कित्येकदा होतं, उष्णतेनं कण झिजले, फुटले, की ती बाहेर फेकतात. दुसरीकडे बांधकामाला वाळू मिळत नाही म्हणून नद्यांचे काठ उकरतात. दोन ढीग समोर उभे राहिले की तुमचा प्रश्न ऐकणाऱ्याच्या तोंडून आपोआप निघतो. मग तुम्ही किती टक्के वाळू बदललीत, ठोकळे कुठल्या दाबाला फुटले, आणि कुठून पुढे ताकद उतरायला लागली, तेवढे तीन आकडे. परीक्षकांत सिव्हिलचा माणूस असला तरी त्याच्यासाठी बोलू नका. त्याला प्रबंध वाचायला वेळ आहे.

"शाश्वत विकास" हे शब्द त्या तीन मिनिटांत एकदाही आले नाहीत, तर मी आपल्या खर्चानं कुंदा पाठवीन.

बाई, मी खानापूरच्या जंगलात वटवाघळांवर काम करते. एका वार्ताहरानं लेख करायचा म्हणून गुहेची जागा आणि फोटो मागितलेत. देऊ का? – नि. गा., जांबोटी

लेख होऊ दे, जागा देऊ नकोस. भीमगडजवळच्या बारापेडे गुहांचं नाव जगाला माहीत आहे, ते लपवून उपयोग नाही. रॉटनच्या वटवाघळाचं वर्णन तिथल्याच नमुन्यांवरून १९१३ मध्ये झालं आणि पुढची कितीतरी दशकं ते जगात दुसरीकडे कुठे सापडलं नव्हतं. मेघालय आणि कंबोडिया फार नंतर आले. हे सगळं वार्ताहराला खुशाल सांग, बेळगावातल्या निम्म्या लोकांना आपल्या जिल्ह्याचं हे वैभव ठाऊक नाही. पण तुला नवीन सापडलेली कपार, तिथे जायची वाट आणि पिल्लांचा हंगाम तुझ्या वहीत राहू दे. लेख छापून आला की पुढच्या रविवारी मोटरसायकली निघतात. फोटो देताना मोबाइलच्या फोटोत जागेचे आकडे दडलेले असतात ते आधी पुसून टाक, आणि वनखात्याच्या परवानगीत प्रसिद्धीबद्दल काय अट आहे तेही वाच.

गाइड म्हणतात, पेपर छापून येईपर्यंत बाहेर तोंड उघडायचं नाही. बरोबर आहे का? – एक विद्यार्थी, गोकाक

निकालांपुरतं बरोबर आहे. प्रश्न काय आहे आणि तो का पडला, हे सांगायला कुठल्या जर्नलची ना नसते. पण गाइडना विचारूनच बोल. तुझ्या प्रबंधावरची सही अजून त्यांच्या हातात आहे.

मी गुऱ्हाळाच्या भट्टीत सुधारणा केली आहे, इंधन कमी लागतं. गावच्या जत्रेत प्रात्यक्षिक ठेवायचं आहे. पेटंटही घ्यायचं आहे. – वि. हु., संकेश्वर

आधी अर्ज, मग जत्रा. चारचौघांत भट्टीची रचना उघड केलीत, की ती नवीन राहिली नाही असं पेटंट कचेरी म्हणू शकते. कायद्यात विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला १२ महिन्यांची सवलत आहे, पण जत्रेला कुणी विद्वत्सभा म्हणणार नाही. तात्पुरत्या तपशिलाचा, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज आधी भरा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. अर्जाचा नंबर हातात पडला की भट्टी पेटवा आणि येणाऱ्या प्रत्येक गुऱ्हाळवाल्याला गूळ खायला घाला. अर्जावर नाव कुणाचं, तुमचं की कॉलेजचं, हे मात्र आजच लेखी विचारून घ्या.