आहेराच्या वहीत नसलेलं

'डोहाळजेवणाला काय देऊ?' असं विचारायला कुणी समुपदेशकाकडे येत नाही. झोप लागत नाही, नवऱ्याशी खटके उडतात, सासरच्या कार्यक्रमाचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, असं सांगत बायका येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत खालून हा प्रश्न निघतो. दादरच्या माझ्या एवढ्याशा खोलीत तो इतक्यांदा निघाला आहे की आता लिहावंच म्हटलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती परळची, घरातली मधली सून. धाकट्या जावेला सातवा लागला होता. थोरल्या जावेने बाबागाडी घेतल्याचं फॅमिली ग्रुपवर फोटोसकट जाहीर झालं होतं. हिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडून चार महिने झालेले. "हा म्हणतो, ५०१चं पाकीट दे आणि मोकळी हो. पण मॅडम, शोभेलसं द्यायलाच हवं ना?"

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वळणाची. माणसाला घटना छळत नाही, घटनेला त्याने लावलेला हट्ट छळतो, असं तो मानायचा. त्या हट्टाला तो 'मस्ट' म्हणायचा. मराठीत तो एका अक्षरात मावतो: च. द्यायलाच हवं, दिसायलाच हवं. समोरच्याच्या बोलण्यातला हा 'च' पकडण्यात माझा हातखंडा आहे, असं मला वाटतं. इथे मात्र पकडूनही काही उपयोग झाला नाही. ती मान डोलवायची आणि पुढच्या आठवड्यात तोच 'च' घेऊन यायची.

तिसऱ्या भेटीत बोलता बोलता ती म्हणाली, "माझ्या वेळी कुणी काय दिलं, सगळं लिहून ठेवलंय सासूबाईंनी." आहेराची वही! मी म्हटलं, पुढच्या वेळी ती घेऊन या.

लाल पुठ्ठ्याची वही, हळदीकुंकवाचा डाग पडलेली. नाव, वस्तू, रक्कम अशा ४३ ओळी. मी पेन्सिल दिली. "जे खरंच वापरलं गेलं, त्यावर खूण करा."

बराच वेळ ती वाचत होती. फ्रॉक, फ्रॉक, फ्रॉक. सगळे नवजात मापाचे. पाचेक महिन्यांत बाळाचं वजन जन्माच्या दुप्पट होतं. ते फ्रॉक कधी घालणार? दुधाच्या बाटल्यांचे तीन सेट, तेही बाळ अंगावर पीत असताना. (बाटल्यांच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे, आहेरात मात्र त्या हमखास येतात.) ४३पैकी खुणा झाल्या सहा. मग पेन्सिल थांबली.

"खालच्या मजल्यावरच्या काकू रोज दुपारी यायच्या. बाळाला घेऊन बसायच्या, म्हणायच्या, जा, डोक्यावरून अंघोळ करून ये." तिने पानं मागेपुढे उलटली. "त्यांचं नावच नाहीये यात."

"त्यांना कमी लेखलंत का कधी?"

"काहीतरीच काय! त्यांच्यामुळे तर निभावले." आणि मग रडली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प बसले. गप्प कधी बसायचं, हे मला वीस वर्षांत जमलं आहे.

त्या दिवशी माझ्याही डोक्यात उजेड पडला. 'काय देऊ' हा तिचा प्रश्नच नव्हता. आपल्या नावापुढे काय लिहिलं जाईल, ही ती धास्ती होती. 'च' बसला होता तो त्या वहीत, आणि मी तो तिच्या वाक्यांत शोधत होते.

पुढचं सोपं होतं. आधी त्या घरची रीत विचारा. बाळ यायच्या आधी त्याचं काही घरात आणायचं नाही, असं बऱ्याच घरांत मानतात. तसं असेल तर आईला द्या: समोरून उघडणारा सुती गाऊन, नाहीतर डिंकाच्या लाडवांचा डबा. बाळाचे कपडे बारशाला, तेही एक माप मोठे. जुन्या सुती साडीची दुपटी मला सगळ्यांत आवडतात. खळ निघून गेलेलं ते कापड मऊ असतं आणि पाणी झटकन शोषतं. गोधडी दिलीत तर अंथरायला म्हणून द्या. झोपलेल्या तान्ह्याच्या अंगावर जाड पांघरूण आणि शेजारी उशी नको, असं डॉक्टर सांगतात. आणि वेळ द्यायचा असेल तर वार सांगून द्या. 'काही लागलं तर सांग' म्हटलं की कुणीही काही सांगत नाही.

तिने सासूबाईंच्या दोन जुन्या साड्या मागून घेतल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या, उन्हात वाळवल्या. गल्लीतल्या शिंप्याने कडा मारायचे १५० रुपये घेतले. आठ दुपटी झाली. सोबत चिठ्ठी: 'बाळ घरी आलं की पहिले पाच शनिवार, ३ ते ५, मी बाळाजवळ. तू झोप.'

कार्यक्रमात जावेने झाकलेल्या वाट्यांतून बर्फी उचलली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. (पेढा-बर्फीच्या त्या खेळावर माझं मत वेगळं आहे, ते पुन्हा कधीतरी.) मग थोरलीने पिशवीत डोकावून विचारलंच, "एवढंच?"

"मी म्हटलं, हो, एवढंच. आणि मॅडम, पोटात गोळा आला. आला आणि गेला. मी मसालेभात वाढायला घेतला."

शेवटच्या भेटीला ती आली तेव्हा तिसरा शनिवार झाला होता. जावेच्या वहीत आपल्या नावापुढे काय आहे, ते तिने हळूच पाहून घेतलं होतं. 'दुपटी, ८.' शनिवार लिहिलेले नव्हते. हे सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.