आईच्या विसरण्यावर ब्राह्मी-गिंकोची कॅप्सूल सुरू करावी का? तीच भाचीला चालेल का?

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. आई 66 वर्षांच्या, कोथरूडला तुमच्याजवळच राहतात. आठ महिन्यांपूर्वी स्टेंट बसला, तेव्हापासून क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. बीपी, थायरॉइड आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन अशा गोळ्या आधीपासून आहेतच. गेल्या काही महिन्यांत त्यांना ओळखीच्या माणसांची नावं पटकन सुचत नाहीत, गॅसवर दूध ठेवून विसरतात. तुम्हाला ऑनलाइन एक कॅप्सूल दिसली आहे, तिच्यात ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा आणि गिंको एकत्र आहेत. एमपीएससी करणाऱ्या भाचीलाही तीच देता येईल का, असंही तुम्ही विचारलंय.

मी फार्मासिस्ट आहे. आमचं मेडिकल पुण्यात नवी पेठेत, अभ्यासिकांच्या गर्दीत आहे. परीक्षेची पोरं आणि आईवडिलांच्या काळजीत असलेली तुमच्या वयाची माणसं, दोघंही हाच प्रश्न घेऊन काउंटरवर येतात. तुम्हाला स्पष्टच सांगते : आईंना ही कॅप्सूल देऊ नका. मागवली असेल तर ऑर्डर रद्द करा.

पहिलं कारण गिंको. तो आपल्याकडचा नव्हे, चीनकडचा वृक्ष. त्याच्या पानांचा अर्क युरोप-अमेरिकेत स्मरणशक्तीसाठी खूप खपतो. गिंको घेणाऱ्यांमध्ये, विशेषतः सोबत रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असताना, रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. आईंच्या दोन गोळ्या आधीच तेच काम करतायत, त्यात तिसऱ्याची भर कशाला? शिवाय फायदा तरी किती? अमेरिकेत 3,069 ज्येष्ठांवर सरासरी सहा वर्षं चाललेला मोठा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. रोज दोनदा 120 मिलिग्रॅम गिंको घेऊनही स्मृतिभ्रंश टळला नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते : कोणतीही वनस्पती घेता यावी म्हणून स्टेंटनंतरची गोळी घरच्या घरी बंद करायची नाही. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेततं.

अश्वगंधेचंही तसंच. अनेकांना ती सोसते, पण थायरॉइडचं संप्रेरक वाढवण्याकडे तिचा कल दिसतो. आईंची थायरॉइडची गोळी मोजून ठरवलेली आहे, त्यावर ही आली की धडधड सुरू व्हायची आणि दोष हृदयावर जायचा. यकृताला सूज आल्याच्या नोंदीही आहेत. अश्वगंधेचं मूळ वापरायची आपली परंपरा, पण बाजारात पानं मिसळली जातात, म्हणून 2021 मध्ये आयुष मंत्रालयाला उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवावं लागलं. शंखपुष्पी आईंना त्रास देईलच असं नाही. मात्र घरात कुणी फिटसाठी फेनिटॉइन घेत असेल तर तिच्यापासून लांब राहा. सिरपमुळे फेनिटॉइनची रक्तातली पातळी उतरून फिट परत आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 1992 मध्येच नोंदवलं आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. काहीही विकत घेण्याआधी आईंच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला आणि ती पिशवी घेऊन फॅमिली डॉक्टरकडे जा. सगळ्या म्हणजे खरंच सगळ्या : डब्यातल्या, उशीखालच्या, शेजारणीने दिलेल्या, सर्दी झाली की घेतात त्यासुद्धा. आमच्याकडे अशी पिशवी काउंटरवर उलटी केली की हमखास काहीतरी निघतं. अर्धी कापलेली अल्प्राझोलामची स्ट्रिप निघते, "झोप लागत नाही म्हणून कधीतरी" घेतलेली, आणि त्या कधीतरीला तीन वर्षं झालेली असतात. क्लोरफेनिरामिन असलेली सर्दीची गोळी निघते. वारंवार लघवीला जावं लागतं म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन निघते. या तिन्ही गोळ्या म्हाताऱ्या माणसाची आठवण मंद करू शकतात. अशा वेळी ब्राह्मी वाढवण्यापेक्षा यातली एखादी डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करणं जास्त उपयोगी पडतं. झोपेची गोळी मात्र एकदम तोडायची नाही, हळूहळू उतरवावी लागते.

त्याच भेटीत बी-12 जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) बघून घ्यायला सांगा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 कमी होतं, ॲसिडिटीच्या रोजच्या गोळीनेही होतं, आणि आई शाकाहारी असतील तर आधीच कमी असण्याची शक्यता. आपल्या पुण्यातच, केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने शहर आणि आसपासच्या गावांतले 441 मध्यमवयीन पुरुष तपासले, तर 67 टक्क्यांमध्ये बी-12 कमी निघालं. 2006 मध्ये हे प्रसिद्ध झालं, तरी अजून किती घरांत विसरण्याला "वय झालं" म्हणून सोडून देतात! हातापायाला मुंग्या येतात का, जीभ लाल-गुळगुळीत झालीय का, हेही बघा. कानाला कमी ऐकू येत असेल तर तेही सांगा, कारण जे नीट ऐकूच गेलं नाही ते आठवणार कुठून? मन उदास असलं तरी माणूस विसरतो. स्टेंटनंतर बऱ्याच जणांना धास्ती बसते, बोलून दाखवत नाहीत. आणि विसरणं अचानक सुरू झालं असेल, पडल्यानंतर किंवा डोक्याला मार लागल्यानंतर वाढलं असेल, बोलणं अडखळत असेल किंवा रोजच्या रस्त्यावर चुकत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

हे सगळं झाल्यावरही तुम्हाला ब्राह्मी द्यावीशी वाटली तर मी नको म्हणणार नाही. या विषयातल्या वनस्पतींपैकी बऱ्यापैकी अभ्यास झालेली ती एक आहे. पण घ्यायची तर एकटी घ्या. चार वनस्पतींच्या मिश्रणाने पोट बिघडलं तर कुणामुळे बिघडलं ते कळत नाही, आणि फायदा झाला तरी कुणाचा, तेही कळत नाही.

आणि ब्राह्मी म्हणून हातात काय येतंय ते बघा. बाजारात या एकाच नावाने दोन वनस्पती विकल्या जातात. एक पाणथळ जागी पसरणारी, लहान मांसल पानांची नीरब्राह्मी, म्हणजे बॅकोपा मोनिएरी. दुसरी गोल, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांची मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका, जिला आपण कारिवणा म्हणतो. चरकसंहितेतल्या चार मेध्य (बुद्धीला पोषक) रसायनांत मंडूकपर्णीचं नाव आहे, तेव्हा ती कमअस्सल आहे असं नाही. पण बहुतेक आधुनिक चाचण्या झाल्या त्या बॅकोपावर. बोहरी आळीत सुटं चूर्ण घ्याल तर दोन्हीतलं कुठलं आहे ते नुसत्या डोळ्यांनी सांगणं कठीण. म्हणून सीलबंद डबी घ्या आणि मागची बाजू वाचा.

डबीच्या मागे वनस्पतीचं शास्त्रीय नाव हवं, कोणता भाग वापरला ते हवं (पंचांग म्हणजे सगळी वनस्पती), आणि चूर्ण आहे की घन (म्हणजे काढून घट्ट केलेला अर्क) ते हवं. इथेच लोक गोंधळतात. 500 मिलिग्रॅम चूर्ण आणि 500 मिलिग्रॅम घन यांत कितीतरी पटींचा फरक असतो. चाचण्यांमध्ये बहुधा बॅकोसाइडचं (बॅकोपातल्या मुख्य घटकाचं) प्रमाण ठरवून दिलेला घन रोज 300 मिलिग्रॅमच्या आसपास वापरला आहे. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदतीची तारीख असायलाच हवी. त्याऐवजी फक्त एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी क्रमांक आणि "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली, तर ते कायद्याच्या दृष्टीने अन्नपूरक आहे, औषध नाही. मग समोरच्या बाजूला कितीही मोठ्या अक्षरांत स्मरणशक्ती लिहिलेलं असो.

घटकांत भस्म, रस, पारद, सुवर्ण असे शब्द दिसले तर वैद्यांच्या देखरेखीशिवाय हात लावू नका. 2004 मध्ये अमेरिकेत बोस्टनमधल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आपल्याकडे शिशाची मर्यादा 10 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 10 भाग, ठरलेली आहे. चांगली कंपनी त्या बॅचचा तपासणी अहवाल मागितला तर देते, तो जरूर मागा.

आईंच्या बाबतीत आणखी काही नावं डबीवर शोधा. मेंदूच्या चूर्णांत ज्येष्ठमध बऱ्याचदा असतं. रोज घेतल्यास ते बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. वेखंड बाळगुटीमुळे घरचं वाटतं, पण त्यातल्या बीटा-ॲसारोन या घटकामुळे अमेरिकेने ते खाद्यपदार्थांत वापरायला 1968 मध्येच बंदी घातली. सारस्वतारिष्टात मध-साखरेचा गोडवा आणि आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतं, मधुमेहात ते नकोच.

सुरू कराल तेव्हा कमी मात्रेने, जेवणानंतर. रिकाम्या पोटी ब्राह्मीने मळमळ, पोटात कळ, दोन-चारदा शौचाला जाणं असा त्रास होतो. थायरॉइडची गोळी पहाटे, ब्राह्मी दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर. नाडी आधीच मंद असेल, दमा किंवा पोटात अल्सर असेल, किंवा डॉक्टरांनी पुढे स्मृतिभ्रंशावरचं डोनेपेझिल सुरू केलं, तर आधी त्यांना विचारा. एखादं ऑपरेशन किंवा दात काढायचा बेत ठरला तर डॉक्टरांना ब्राह्मीचंही नाव सांगा, "ते आयुर्वेदिक आहे" म्हणून यादीतून गाळू नका. मात्रा ठरवायला रास्ता पेठेत ताराचंद रामनाथ रुग्णालय आहे, तिथल्या वैद्यांना आईंची गोळ्यांची यादी दाखवता येईल.

भाचीबद्दल. परीक्षा महिन्यावर असेल तर पैसे घालवू नका. ज्या चाचण्यांमध्ये ब्राह्मीचा फायदा दिसला त्या बहुतांश 12 आठवड्यांच्या आहेत, आणि फायदाही माफक : वाचलेलं थोडं जास्त टिकलं, इतकाच. मेसचं अर्धवट जेवण, चहावर काढलेली रात्र आणि चार तासांची झोप यांची भरपाई कुठलीही कॅप्सूल करत नाही. तिचं हिमोग्लोबिन आणि बी-12 मात्र एकदा बघाच, अभ्यासिकेतल्या मुलींमध्ये दोन्ही कमी असणं फार नेहमीचं आहे. कुणा मित्राकडून जागरणाच्या गोळ्या घेत नाही ना, हेही प्रेमाने विचारा. मोडाफिनिल डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची गोळी नाही.

ब्राह्मी दिलीच तर आईंच्या कॅलेंडरवर सुरू केल्याची तारीख लिहा आणि दर आठवड्याला एक ओळ : दूध किती वेळा उतू गेलं, किती नावं अडली. तीन महिन्यांत त्या ओळींत फरक दिसला नाही तर बंद करा आणि डॉक्टरांना पुन्हा भेटा. मध्येच डोळे-लघवी पिवळी झाली, अंगावर निळे डाग उठले, काळी शौच झाली किंवा धडधड वाढली, तर ब्राह्मी त्याच क्षणी थांबवा, डबी आणि कॅलेंडर घेऊन रुग्णालय गाठा. नंतर सवड मिळाली की आयुष सुरक्षा पोर्टलवर किंवा 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर त्रासाची नोंदही करा. नोंद करताना बॅच नंबर लागतो, म्हणून रिकामी झाली तरी डबी जपून ठेवा.