'वेरेकुंदिया' म्हणजे नुसती लाज नव्हे

लॅटिनमधल्या 'वेरेकुंदिया' या विनयवाचक शब्दाचं स्पॅनिश-फ्रेंचमध्ये काय झालं आणि मराठीत त्याला 'लाज' म्हणावं का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नावर मी एकदा कडाकडा भांडलोय, म्हणून तोच आधी घेतो. सरसकट 'लाज' म्हणू नका.

काही वर्षांपूर्वी मी स्पॅनिश मालिकेची मराठी सबटायटल्स करत होतो. नोकरीला नवीच लागलेली मुलगी मैत्रिणीला म्हणते, 'मे दा बेर्ग्वेन्सा प्रेगुंतार.' यातला 'बेर्ग्वेन्सा' हा वेरेकुंदियाचाच स्पॅनिश वारस. मी लिहिलं, 'विचारायला भीड वाटते.' तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'विचारायची लाज वाटते' केलं. शेरा होता, 'कोशात लाज आहे.' अहो, लाज वाटावी असं तिने केलं काय होतं? साहेब मोठे, कामात बुडालेले, त्यांच्यापुढे तिची जीभ रेटत नव्हती. मी दोन दिवस मेल लिहिले. वाक्य 'लाज' घेऊनच गेलं. अजून खुपतं मला.

शब्दाचं मूळच बघा ना. 'वेरेओर' म्हणजे आदरापोटी धाक बाळगणं, त्यावरून वेरेकुंदिया. इ. स. पू. ४४ मध्ये रोमन विचारवंत सिसेरो लिहितो की माणसांना इजा न करणं हे न्यायाचं काम आणि त्यांना न दुखावणं हे वेरेकुंदियाचं. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 'आर्गुमेंटुम आद वेरेकुंदियाम' ही युक्तिवादाची तऱ्हा सांगितली: थोरांची नावं पुढे करायची, म्हणजे समोरचा विरोध करायला कचरतो. इथे 'लाज' घालून बघा, बसत नाही. 'भीड' घाला, चपखल बसतो. 'कोशात आहे' म्हणून मला गप्प केलं, तो युक्तिवादही याच जातीचा.

बाकी वंशावळ सरळ आहे. स्पॅनिश बेर्ग्वेन्सा, पोर्तुगीज आणि इटालियन वेर्गोन्या. फ्रेंच 'वेर्गोन्य' आज जवळपास फक्त 'सां वेर्गोन्य' (बेशरमपणे) यातच उरलाय. रोजच्या लाजेसाठी त्यांच्याकडे जर्मानिक मुळाचा 'ओंत' आहे.

हो, एक मान्य करतो. 'सिन्बेर्ग्वेन्सा' ही शिवी म्हणजे 'निर्लज्ज'च, तिथे भीड चालणार नाही. 'मोदेस्तिया' आणि 'पुदोर' हे लॅटिन शब्दही अर्थाने याच घरातले, पण त्यांचं मूळ आणि वारस वेगळे. पण अनुवाद करत असाल तर आधी बोलणाऱ्याने काही गैर केलंय का ते बघा. त्या मुलीने काहीच केलं नव्हतं, आणि आमच्या सबटायटलने तिला अपराधी करून टाकलं.