एअरब्रश मारताना मास्किंग टेपखालून रंग का झिरपतो?

टेप घट्ट दाबूनही कॅनव्हासवर कडेला रंग पसरतो, असं तुम्ही म्हणताय. दोष बहुतेक टेपचा नाही, कॅनव्हासच्या विणीचा आहे. दोऱ्यांमधल्या खाचांत टेप बसत नाही आणि हवेच्या दाबाने पातळ रंग तिथून आत शिरतो.

उपाय सोपा आहे. टेप लावल्यावर तिच्या कडेवरून मॅट मीडियमचा, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या बिनचमकीच्या अ‍ॅक्रिलिक द्रवाचा (नसेल तर खाली जो रंग आहे त्याचाच) पातळ हात ब्रशने फिरवा. जे काही झिरपायचं ते हेच झिरपेल आणि दिसणार नाही. वाळलं की मग एअरब्रश. फवारा टेपवरून बाहेरच्या दिशेने मारा, टेपखाली घुसेल असा तिरका नको. रंग दुधाइतका पातळ, हवेचा दाब साधारण २० पीएसआय (दाब मोजायचं एकक), आणि एका जाड थराऐवजी तीन-चार हलके थर. घाई इथेच नडते.

टेप काढताना उलटी दुमडून सावकाश ओढा.

ढग, धुकं असल्या मऊ कडांना टेप लावूच नका. कागद फाडून कॅनव्हासपासून अर्धा-एक सेंटीमीटर वर धरा आणि फवारा. कातरलेल्यापेक्षा फाटलेली कड जास्त खरी दिसते.

आणि हो, तोंडाला मास्क लावा. अ‍ॅक्रिलिक पाण्यातलं असलं तरी ते तुषार छातीत जातात.