मशीन कुठे अडलं ते आधी सांगा

या वेळच्या बऱ्याच पत्रांत एकच वाक्य आहे: "ताई, जुना कॉम्प्युटर चालूच होत नाही, फॉरमॅट मारू का?" आता 'चालू होत नाही' म्हणजे नेमकं काय? बटण दाबल्यावर पंखाच फिरत नाही? पंखा फिरतो पण पडदा काळा? कंपनीचं नाव येऊन मग काळ्यावर पांढरी इंग्रजी ओळ येते? की विंडोजचं चिन्ह येतं आणि तिथेच गरगरत राहतं? पहिल्या दोन प्रकारांत हार्ड डिस्कपर्यंत गाडी पोचलेलीच नसते. तिथे एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), रॅम किंवा मदरबोर्ड बघायचा. अशा वेळी फॉरमॅट मारायला निघणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तेव्हा पत्र लिहाल तेव्हा पडद्यावरची शेवटची ओळ जशी दिसते तशी उतरवून पाठवा. "काहीतरी एरर येतो" यावरून मला काहीही सांगता येत नाही.

प्रश्न: माझा डेस्कटॉप जुना आहे, त्यात विंडोज ७ आहे. गेले काही महिने घड्याळ मागे पडायचं, मी नीट करून घ्यायचे. मध्यंतरी काही दिवस बाहेर होते, भिंतीवरचं बटण बंद होतं. परत आल्यावर "सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड, प्रेस एफ१" असं आलं. एफ१ दाबलं की विंडोजचं चिन्ह येतं, क्षणभर काहीतरी निळं चमकतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. ओळखीचा मुलगा म्हणाला, हार्ड डिस्क गेली. नवी घेऊ का? – एक निवृत्त शिक्षिका

उत्तर: इतक्यात घेऊ नका. विंडोजचं चिन्ह दिसतंय, म्हणजे ते डिस्कवरून वाचलं गेलंय. मेलेली डिस्क तिथवर येत नाही.

तुमच्या पत्रातच रोगाचं निदान आहे. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, बहुतेक ठिकाणी सीआर२०३२. (२० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, म्हणून तो आकडा.) घड्याळ आणि बायोसची (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) सेटिंग्ज जपणं एवढंच त्याचं काम. भिंतीवरचं बटण चालू असतं तेव्हा बंद मशीनलाही एसएमपीएसकडून थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे थकलेला सेलसुद्धा कसाबसा निभावून नेतो. तुम्ही बाहेर गेलात, वीज तुटली आणि सेलचं पितळ उघडं पडलं. सेटिंग्ज पुसली गेली आणि बायोसने कारखान्यातली मूळ सेटिंग्ज लावली.

निळ्या पडद्याचं कारण हेच. बायोसमध्ये साटा मोड नावाची एक नोंद असते, डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ते ती ठरवते. तिथे आयडीई, एएचसीआय आणि काही बोर्डांवर रेड असे पर्याय असतात. तुमचं विंडोज टाकलं तेव्हा बहुधा एएचसीआय लावलेलं होतं. अनेक जुन्या बोर्डांचं मूळ सेटिंग मात्र आयडीई असतं. सुरुवातीला डिस्क वाचायचं काम बायोस करून देतो, म्हणून चिन्ह येतं. पुढे विंडोज ते काम स्वतःच्या ड्रायव्हरने करू बघतं, समोर भलताच कंट्रोलर दिसतो आणि ते तिथेच कोसळतं.

खात्री करायची तर सुरू होताना एफ८ दाबत राहा आणि यादीतून 'डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट' निवडा. निळा पडदा आता थांबेल. खाली शून्यांच्या रांगेनंतर ७बी दिसलं, तर मी म्हणते तेच झालंय.

मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. सेलच्या कडेची बारीक पट्टी नखाने सरकवली की सेल उडी मारून वर येतो. अधिकची खूण असलेली बाजू वर ठेवून नवा बसवा. मग बायोसमध्ये जाऊन तारीख, साटा मोड (एएचसीआय) आणि बूटचा क्रम (आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो) अशा तिन्ही गोष्टी नीट करा आणि सेव्ह करून बाहेर पडा. शेवटी त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हा उपद्व्याप कोणी करत नाही आणि पुढच्या वेळी सगळे पस्तावतात.

प्रश्न: लॅपटॉप खूप हळू झाला होता. काल सुरू करताना आपोआप डिस्क तपासणी सुरू झाली. रात्रभर चालू आहे आणि आकडा ११ टक्क्यांवरून हलत नाही. प्रकल्पाचं सगळं काम त्यात आहे, बॅकअप नाही. होऊ देऊ का पूर्ण? – शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी

उत्तर: नाही. पॉवरचं बटण दाबून धरा आणि बंद करा. मध्येच बंद करण्यात धोका आहे, पण चालू ठेवण्यात जास्त आहे.

या तपासणीचा, म्हणजे चेकडिस्कचा, हेतू विंडोजला चालेल अशी फाइलसिस्टिम तयार करणं हा आहे. तुमचा प्रकल्प वाचवणं तिच्या कामात बसत नाही. एखाद्या फाइलची नोंद जुळली नाही तर ती तिचे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरात टाकून मोकळी होते. शिवाय मरायला टेकलेल्या डिस्कवर ती एकाच खराब जागी पुन्हा पुन्हा डोकं आपटत बसते. तुमचे ११ टक्के म्हणजे बहुधा तेच. डिस्कमध्ये जेवढा जीव उरलाय तेवढा फक्त डेटा काढण्यासाठी वापरायचा, दुरुस्ती नंतर.

दुसऱ्या मशीनवर एक पेन ड्राइव्ह घेऊन त्यावर उबुंटूसारखं लाइव्ह लिनक्स (पेन ड्राइव्हवरूनच चालणारी सिस्टिम) तयार करा, लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि 'इन्स्टॉल' हा शब्द दिसेल तिथून लांब राहा. आतल्या 'डिस्क्स' नावाच्या प्रोग्रॅममध्ये स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींची, माहिती दिसते. सगळं वाचू नका, क्रमांक ५, १९७, १९८ आणि १९९ एवढेच बघा. पाचवा म्हणजे डिस्कने खराब ठरवून बदललेले सेक्टर (साठवणुकीचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाची वाट बघत पडलेले. १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. या तिघांसमोरचा कच्चा आकडा शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल, तर डिस्क चालली. एकटा १९९ वाढलेला असेल आणि बाकी शून्य, तर डिस्कला दोष देऊ नका. तो केबलचा किंवा कनेक्टरचा प्रश्न आहे. वरती 'ओव्हरऑल'समोर डिस्क ठीक असल्याचं लिहिलेलं असतं, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. अखेरच्या घटका मोजणाऱ्या डिस्कवरही ते लिहिलेलं असतं.

आता डेटा. फोल्डर उघडून कॉपी-पेस्ट करू नका, एक खराब फाइल लागली की सगळं तिथेच अडतं. डीडीरेस्क्यू वापरा. डेबियन आणि उबुंटूमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू असं आहे, आज्ञा मात्र डीडीरेस्क्यू. हा प्रोग्रॅम शहाणा आहे. आधी सहज वाचता येईल ते सगळं उचलतो, अडलं की तिथे खूण करून पुढे उडी मारतो, आणि अवघड जागांकडे शेवटी वळतो. कुठपर्यंत आलो याची नोंद तो मॅप फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे डिस्क मध्येच गरम झाली तर थांबवून नंतर तिथूनच पुढे जाता येतं.

आज्ञेत तीन गोष्टी याच क्रमाने द्यायच्या: ज्यातून काढायचं ती डिस्क, जिथे ठेवायचं ती फाइल, आणि मॅप फाइल. दुसरी आणि तिसरी नव्या बाहेरच्या डिस्कवर हवी आणि त्या डिस्कवर जुन्या डिस्कच्या पूर्ण आकारापेक्षा जास्त मोकळी जागा हवी, कारण रिकामे भागही कॉपी होतात. क्रम उलटा झाला तर उरलंसुरलंही गेलं. एंटर मारण्याआधी एलएसबीएलके ही आज्ञा देऊन डिस्कांचे आकार बघा आणि कुठली कुठली आहे ते कागदावर लिहा.

कॉपी तयार झाली की पुढचे सगळे प्रयोग कॉपीच्याही कॉपीवर करा. पार्टिशनच (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) दिसत नसेल तर टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम. काहीच जुळत नसेल तर फोटोरेक, तो फाइली त्यांच्या आतल्या खुणांवरून शोधतो, पण त्यांची नावं परत मिळत नाहीत.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिली नाहीत: डिस्कमधून ठरावीक लयीत टक-टक असा आवाज येतोय का? येत असेल तर वरचं काहीही करू नका. तो हेडचा (चकती वाचणाऱ्या भागाचा) बिघाड आहे आणि दर वेळी वीज देताना चकतीवर ओरखडे पडू शकतात. अशी डिस्क बंद ठेवून डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच द्यायची. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी देईलच, त्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

प्रश्न: रोज चालणारं मशीन आज अचानक "ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड" म्हणतंय. काहीही बदललेलं नाही. – एक लेखनिक

उत्तर: मागे लावलेला पेन ड्राइव्ह काढा. कार्ड रीडरमध्ये मेमरी कार्ड असेल तर तेही, आणि प्रिंटरला कार्डाची खाच असेल तर प्रिंटरची यूएसबी केबलसुद्धा. तरीही तेच आलं, तर बायोसमध्ये हार्ड डिस्कचं नाव दिसतं का ते बघा. नसेल तर केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा. नाव दिसत असेल तर पुन्हा लिहा.

प्रश्न: विंडोज ७ सोबत लिनक्स टाकलं होतं. जागा हवी होती म्हणून विंडोजमधूनच लिनक्सचं पार्टिशन उडवलं. आता "नो सच पार्टिशन" आणि खाली "ग्रब रेस्क्यू" एवढंच. विंडोजही गेलं का? – हौशी

उत्तर: विंडोज जागच्या जागी आहे. त्याच्याकडे जाणारा रस्ता तुम्ही खणून टाकलात.

डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातले पहिले ४४६ बाइट बूटच्या कोडसाठी, पुढचे ६४ पार्टिशनच्या यादीसाठी (१६ बाइटची एक अशा चार नोंदी, म्हणून चारच प्रायमरी पार्टिशन), आणि शेवटचे २ सहीचे. लिनक्स टाकताना त्या ४४६ बाइटांत ग्रब (सिस्टिम सुरू करून देणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) येऊन बसला. तेवढ्यात तो मावत नाही, म्हणून थोडा लगतच्या मोकळ्या जागेत आणि बाकीचा लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. तुम्ही पार्टिशन उडवलंत, डोकं राहिलं आणि धड गेलं.

विंडोज ७ ची डीव्हीडी लावा, 'रिपेअर युवर कॉम्प्युटर'मधून कमांड प्रॉम्प्ट उघडा. बूटरेक, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून फिक्सएमबीआर, मग एंटर. ही आज्ञा फक्त कोडचा भाग नवा लिहिते, ६४ बाइटांच्या यादीला हात लावत नाही. नंतर "मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम" आलं तर डिस्कपार्टमध्ये विंडोजचं बूटचं पार्टिशन 'ॲक्टिव्ह' करा. विंडोजचा कोड ती खूण शोधतो, ग्रबला तिची गरज नसते.

लिनक्स शिल्लक आहे, फक्त पार्टिशनचा क्रमांक बदललाय, अशा वाचकांसाठी: 'ग्रब रेस्क्यू'च्या प्रॉम्प्टवर एलएस टाका, कंसातली नावं दिसतील. एकेका नावापुढे तिरकी रेघ देऊन पुन्हा एलएस करा. ज्यात बूट आणि ईटीसी ही फोल्डरं दिसतील ते आपलं. 'सेट रूट'ला ते नाव द्या आणि 'सेट प्रीफिक्स'ला तेच नाव अधिक बूट, ग्रब हा मार्ग. मग 'इन्समॉड नॉर्मल' आणि शेवटी 'नॉर्मल'. मेनू येईल. आत गेल्यावर ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवा, नाहीतर पुढच्या वेळी हाच खेळ.

प्रश्न: जुन्या मशीनवर नवीन सिस्टिम टाकतोय. फाइली कॉपी होताना अडतं: कधी ३० टक्क्यांवर, कधी ७० वर. डीव्हीडी बदलून बघितली. – एक वाचक

उत्तर: दर वेळी एकाच ठिकाणी अडत असतं तर मी डीव्हीडीवर किंवा मूळ आयएसओ फाइलवर (जिच्यावरून डीव्हीडी बनते ती) संशय घेतला असता आणि तिचा शा-२५६ आकडा (फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा) जुळवून बघायला सांगितलं असतं. जागा बदलतेय म्हणजे रॅम, नाहीतर उष्णता. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ किमान एक पूर्ण फेरी, जमल्यास रात्रभर चालवा. एकही लाल ओळ आली तर रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासा. रॅम स्वच्छ निघाली तर प्रोसेसरवरचा पंखा आणि धूळ बघा, आणि मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांची डोकीही. सपाट हवीत. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या कित्येक बोर्डांवरचे कपॅसिटर सदोष होते, ते फुगून गळतात.

कुठली सिस्टिम टाकताय ते लिहिलं नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे बहुतेक जुनी मशीन बाद. लिनक्स टाकणार असाल तर प्रोसेसर ६४ बिटांचा आहे का ते आधी बघा. डेबियन १३ मध्ये ३२ बिटांचा इन्स्टॉलर नाही, १२ मध्ये आहे.

प्रश्न: ४ टीबीची डिस्क लावली. विंडोजमध्ये २०४८ जीबीच वापरता येते, उरलेली १६७८ जीबी करड्या रंगात, तिच्यावर काही करताच येत नाही. डिस्क खोटी आहे का? – एक छायाचित्रकार

उत्तर: खरी आहे. वर ग्रबच्या उत्तरात सांगितलेल्या पार्टिशनच्या यादीतल्या १६ बाइटांच्या नोंदीत सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिटच आहेत. ५१२ बाइटचे सेक्टर धरले की हिशोब २०४८ जीबीवर संपतो. डिस्क रिकामी असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिच्यावरची पार्टिशनं काढा आणि 'कन्व्हर्ट टू जीपीटी' करा. जीपीटी म्हणजे पार्टिशनची यादी लिहायची नवी पद्धत. भरली असेल तर आधी फोटो दुसरीकडे हलवा. नुसत्या साठवणुकीसाठी व्हिस्टापासून पुढचं कुठलंही विंडोज जीपीटी वाचतं, ३२ बिटांचं एक्सपी वाचत नाही. याच डिस्कवरून विंडोज सुरूही करायचं असेल तर मात्र मशीनमध्ये यूईएफआय (बायोसच्या जागी आलेला नवा प्रोग्रॅम) हवं. जुन्या बायोसवर त्यासाठी वेगळी छोटी डिस्क ठेवा आणि ही फोटोंना द्या.