प्रोटीन पचवायची कॅप्सूल घेण्याआधी

आधी पोट नक्की कशाने फुगतंय ते बघ. व्हे कॉन्सन्ट्रेट (दुधापासून बनवलेली प्रोटीन पावडर) प्यायल्यावर गॅस होत असेल, तर बहुतेकदा दोष त्यातल्या लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा असतो. तिथे या कॅप्सूलमधलं प्रोटिएज (प्रोटीन पचवणारं एन्झाइम) काही कामाचं नाही, लॅक्टोज पचवणारं लॅक्टेज लागतं. मी हे न कळता दोन महिने भलत्याच कॅप्सूल गिळल्या! व्हे आयसोलेटवर (यात लॅक्टोज फारच कमी असतं) आलो आणि त्रास थांबला.

तरी घ्यायचीच असेल तर लेबलवरच्या मिलिग्रॅमला भुलू नकोस. प्रोटिएजची ताकद एचयूटीसारख्या एककात लिहितात. पहिल्या घासाबरोबर घे, जेवण उरकल्यावर नको. कॅप्सूल फोडून तोंडात टाकू नकोस, जीभ चुरचुरते. या कॅप्सूलमधली प्रोटिएज बघ: ब्रोमेलेन अननसातून येतं, पपेन पपईतून, त्यामुळे ॲलर्जी तपास. अल्सर असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस.